लांगूलचालन नव्हे, खेळाचे बोलावणे

मराठीत खुशामतीला 'लांगूलचालन' म्हणतात. लांगूल म्हणजे शेपूट आणि चालन म्हणजे हलवणे, तेव्हा कुत्र्याचे शेपूट हलते ते पोटासाठी आणि लाचारीने, असा निवाडा या शब्दाच्या घडणीतच बसलेला आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकातही अन्न देणाऱ्यापुढे शेपूट हलवणारा आणि जमिनीवर लोळून पोट दाखवणारा कुत्रा दैन्याचे उदाहरण म्हणून येतो, तर त्याच्या समोर मनधरणी करून घेऊन मगच खाणारा धीरगंभीर हत्ती उभा केला जातो. सुभाषित म्हणून हे चित्र नेटके असले तरी कुत्र्याच्या वर्तनाचे वर्णन म्हणून ते अपुरे आहे. कारण शेपूट हलवणे, लोळण घेणे आणि पोट उघडे करणे या तिन्ही गोष्टी पोटभर जेवलेला, घरात लाडाकोडात वाढलेला कुत्राही दिवसातून अनेकदा करतो, आणि त्या वेळी पुष्कळदा त्याला अन्न नको असते, खेळायला कोणीतरी हवे असते.

हे बोलावणे म्हणजे मुळात एक विचारणा असते, आणि विचारणा म्हटली की तिला होकार किंवा नकार देण्याची मोकळीक समोरच्याला असते, हे ध्यानात घेतले की कुत्र्याच्या देहबोलीतील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होऊ लागतो. देहबोली म्हणजे केवळ अंगाची ठेवण नव्हे. हालचालीचा वेग, स्नायूंमधील सैलपणा किंवा ताठरपणा, चेहरा, आवाज आणि या सर्वांचा क्रम, म्हणजे आधी काय घडले आणि नंतर काय घडले, हे सारे मिळून ती बनते. कुत्रा पाळणाऱ्या घरांत मात्र एकेका अवयवावरून अर्थ लावण्याची सवय फार आढळते, आणि तिच्यातूनच 'शेपूट हलतेय ना, मग काही करत नाही तो' हे वाक्य दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला ऐकवले जाते. कुत्र्यासंबंधी घरोघर जे गैरसमज आहेत त्यांत हा सर्वांत महागात पडणारा म्हणावा लागेल.

खेळाच्या बोलावण्याचे सर्वांत ओळखीचे रूप असे असते की कुत्रा पुढचे पाय लांब पसरून कोपरे जमिनीला टेकवतो किंवा टेकवण्याच्या बेतात आणतो, छाती खाली नेतो आणि पुट्ठे मात्र उंच ठेवतो. इंग्रजीत याला 'प्ले बाऊ' म्हणतात व कुत्री पाळणाऱ्या मराठी माणसांच्या बोलण्यातही तोच शब्द रुळला आहे. त्याचे 'नमन' असे भाषांतर करणे सोपे असले तरी ते दिशाभूल करणारे ठरेल, कारण या झुकण्यात नम्रतेचा किंवा शरणागतीचा अंशही नसतो. ही मुद्रा जवळून पाहिली तर तिच्यातील तयारी दिसते: मागचे पाय किंचित फाकलेले आणि गुडघ्यात दुमडलेले असतात, पुढच्या पंजांची बोटे पसरलेली असतात, पंजे खाली येताना फरशीवर थप असा आवाज होतो, शेपूट वर असून हलत असते, तोंड सैलसर उघडे असते, आणि नजर समोरच्यावर खिळलेली असली तरी तिच्यात दरारा नसतो. क्षण-दोन क्षणांतच कुत्रा या स्थितीतून स्प्रिंग सुटावी तसा उजवीकडे, डावीकडे किंवा मागे उसळतो, थोडे अंतर पळतो आणि मागे वळून पाहतो. हे वळून पाहणे हाच बोलावण्याचा गाभा होय, कारण तेव्हा तो उत्तराची वाट पाहत असतो.

प्राण्यांच्या वर्तनाचे अमेरिकी अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी या मुद्रेचा दीर्घकाळ अभ्यास केला. घरची कुत्री, लांडगे आणि उत्तर अमेरिकेतील कोल्ह्यासारखा कायोटी हा प्राणी यांच्या खेळांचे निरीक्षण करून 1995 मध्ये त्यांनी असे मांडले की ही मुद्रा खेळात कोठेही, कशीही विखुरलेली नसते, तर जेथे गैरसमज होण्याचा धोका अधिक, तेथे ती येते. उदाहरणार्थ, चावा धरून डोके जोराने दोन्ही बाजूंना झटकणे ही क्रिया शिकार मारताना किंवा खऱ्या भांडणातही होत असते, आणि तीच क्रिया खेळात करायची असेल तर तिच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर प्राणी झुकतो, जणू आता जे झाले किंवा होणार आहे ते मनावर घेऊ नये असे सांगतो. बेकॉफ यांनी या खुणांची तुलना विरामचिन्हांशी केली, आणि ती चपखल आहे. पुढे 2016 मध्ये पाळीव प्रौढ कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात असेही दिसले की ही मुद्रा प्रामुख्याने खेळ क्षणभर थांबल्यानंतर येते आणि तिच्यानंतर खेळ पुन्हा सुरू होतो. म्हणजे ती पहिले बोलावणे असते तशीच 'चला, पुढे चालू' अशी हाकही असते.

याच मुद्रेशी दिसायला मिळत्याजुळत्या असणाऱ्या दोन स्थिती आहेत, आणि त्यांतील फरक प्रत्येक श्वानपालकाला माहीत असणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे झोपेतून उठल्यावर दिलेला आळोखापिळोखा. योगासनांतील अधोमुख श्वानासनाचे नाव याच ताणावरून पडले असे सांगितले जाते, आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या 1966 च्या ग्रंथानंतर ते आसन जगभर ओळखीचे झाले. आळस देणारा कुत्रा सावकाश झुकतो, डोळे अर्धवट मिटतो, बहुधा जांभई देतो, मग पुढे सरकून मागचा एकेक पाय ताणतो आणि समोर कोणी आहे की नाही याची त्याला फिकीर नसते. खेळासाठी झुकणारा कुत्रा मात्र झटक्यात झुकतो, आणि प्रेक्षक नसेल तर झुकतच नाही. काही कुत्री घरच्या माणसाला सकाळी भेटताना आळस आणि बोलावणे यांची सरमिसळ करतात. तेथे पुढची हालचाल पाहावी, उसळी आली तर ते बोलावणे होते.

दुसरी स्थिती अधिक गंभीर आहे. स्वादुपिंडाला सूज येणे यांसारख्या पोटाच्या दुखण्यात कुत्रा पुढचा भाग खाली आणि पुट्ठे वर ठेवून उभा राहतो, कारण त्यामुळे पोटावरील ताण त्याला हलका वाटत असावा. पशुवैद्य या स्थितीला प्रार्थनेची मुद्रा म्हणतात. येथे शेपूट खाली असते, चेहरा ओढलेला असतो, उसळी येत नाही, कुत्रा बराच वेळ तसाच राहतो किंवा पुन्हा पुन्हा तसाच होतो, आणि त्याबरोबर उलटी, अन्नावरची वासना उडणे किंवा पोटाला हात लावू न देणे अशी लक्षणे आढळतात. सणावारी पाहुण्यांच्या ताटातले तेलकट, तुपकट घास मिळाल्यानंतर एखादा कुत्रा असा वागू लागला, तर तो खेळायला बोलावतो आहे असे समजून चेंडू फेकत बसू नये. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.

प्ले बाऊ हे बोलावण्याचे एकमेव रूप नाही, आणि काही कुत्री ते क्वचितच वापरतात. कोणी तोंडात चप्पल किंवा पायपुसणे धरून समोर येते आणि हात पुढे होताच दोन पावले मागे सरते. येथे चप्पल देण्याचा मुळीच बेत नसतो, तिच्या निमित्ताने पाठलाग घडवून आणायचा असतो, आणि घरातील माणूस ओरडत मागे धावला की कुत्र्याच्या दृष्टीने बोलावणे स्वीकारले गेलेले असते. कोणी पुढचा एक पंजा उचलून समोरच्याच्या मांडीवर ठेवते, कोणी पुट्ठ्याने हलका धक्का देते, कोणी अंग तिरके करून घोड्याच्या दुडक्या चालीसारख्या लाडिक उड्या मारते, कोणी वारंवार शिंकते, तर कोणी एकाच स्वराची आखूड भुंक पुन्हा पुन्हा काढते. या सर्वांत समान असते ती हालचालीतील अतिशयोक्ती. खेळणारा कुत्रा गरजेपेक्षा उंच उडी मारतो, गरजेपेक्षा मोठे वळण घेतो, आणि त्याचे अंग सरळ रेषेत राहत नाही. ते लवते, झुलते, नागमोडी होते. भांडायला निघालेला कुत्रा याच्या उलट, शक्ती राखून, सरळ रेषेत आणि ताठ अंगाने येतो. चार्ल्स डार्विन यांनी 1872 साली प्रसिद्ध झालेल्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात कुत्र्याचेच उदाहरण घेऊन हे विरोधाचे तत्त्व मांडले होते: शत्रुत्वाने येणारा कुत्रा ताठ, उंच आणि केस फुलवलेला असतो, आणि त्याच्या नेमकी उलट मनःस्थिती दाखवायची झाली की त्याचे अंगही नेमके उलटे, लवचीक आणि खाली गेलेले होते.

बोलावणे देणारा कुत्रा समोरच्याचे लक्ष आपल्याकडे आहे की नाही याचाही विचार करतो, असे अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांच्या 2009 मधील अभ्यासातून दिसले. खेळणाऱ्या कुत्र्यांच्या चित्रफिती संथ गतीने पाहून त्यांनी नोंदवले की दुसऱ्या कुत्र्याचे तोंड आपल्याकडे असेल तेव्हाच कुत्री बहुधा झुकण्यासारखी डोळ्यांना दिसणारी खूण वापरतात. त्याची पाठ असेल तर आधी धक्का देऊन, हलका चावा घेऊन किंवा भुंकून लक्ष वेधतात आणि मगच खूण करतात. घरातील रोजचा एक प्रसंग यावरून समजतो. मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या माणसाच्या हाताला कुत्रा नाकाने ढोसतो, बाही ओढतो, आणि माणसाने वर पाहताच मागे सरून झुकतो. यातील ढोसणे हा उद्धटपणा नसून दारावरची टकटक आहे. ही टकटक रोज दुर्लक्षित झाली की तिचा जोर वाढत जातो, आणि मग 'आमचा कुत्रा अंगावर येतो' अशी तक्रार घेऊन मालक प्रशिक्षकाकडे जातो.

आता अवयवांकडे वळायचे तर प्रथम शेपटाचा विचार करावा लागतो. शेपूट हलणे याचा अर्थ एवढाच की कुत्र्याच्या मनात काहीतरी खळबळ आहे. ती आनंदाची, भीतीची की रागाची, हे शेपटाच्या उंचीवरून, वेगावरून आणि मुख्यतः शेपटाबरोबर बाकीचे अंग हलते की नाही यावरून ठरते. पुट्ठ्यांसकट, कधीकधी कमरेपासून सारे अंग डोलवीत हलणारे, रुंद झोके घेणारे शेपूट हे मैत्रीचे असते. उंच, ताठ, फक्त टोकाशी थरथरल्यासारखे हलणारे शेपूट हा इशारा असतो. इटलीतील क्वारांता, सिनिस्काल्की आणि व्हाल्लोर्तिगारा यांनी 2007 मध्ये दाखवले की मालकाला पाहून कुत्र्याचे शेपूट त्याच्या उजव्या बाजूला अधिक झुकते आणि अनोळखी, दांडग्या कुत्र्याला पाहून डाव्या बाजूला. हा शोध मेंदूच्या दोन भागांच्या कामकाजावर प्रकाश टाकणारा असला तरी घरगुती उपयोगासाठी त्याच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही, कारण हा फरक डोळ्यांनी टिपण्याइतका ठळक क्वचितच असतो.

शेपटाची उंची मोजताना जातीचा विचार करावाच लागतो. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण ज्या गावठी कुत्र्याला पाहून पडली त्याचे शेपूट मुळातच पाठीवर वळलेले असते आणि पगचे तर दुहेरी वेटोळे घातलेले असते; अशा कुत्र्यांत शेपटाच्या टोकापेक्षा बुंध्याकडे, म्हणजे ते जेथून फुटते त्या जागेकडे पाहावे. कारवान किंवा पश्मी यांसारख्या मराठवाड्यातील शिकारी कुत्र्यांचे लांब शेपूट विसाव्यातही खाली असते, म्हणून ती घाबरलेली आहेत असे मानू नये. लहानपणी शेपूट छाटलेल्या डॉबरमन किंवा रॉटवायलरकडे बोलण्याचे हे साधनच उरलेले नसते, आणि केवळ दिसण्यासाठी त्याची भाषा अशी तोडावी हे कोणत्याही अंगाने समर्थनीय वाटत नाही. कानांचेही तसेच आहे: जर्मन शेफर्डचे उभे कान दुरूनही वाचता येतात, तर बीगल किंवा कॉकर स्पॅनियलच्या लोंबत्या कानांत फक्त मुळाशी होणारी थोडीशी हालचाल दिसते.

तोंड हे शेपटाइतकेच बोलके असते, पण त्याकडे कमी पाहिले जाते. खेळकर चेहऱ्यात जबडा सैल असतो, ओठांच्या कडा मागे गेलेल्या असल्या तरी त्यांना घड्या पडलेल्या नसतात, जीभ थोडी बाहेर असते आणि कपाळ गुळगुळीत असते. हा चेहरा एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जणू संसर्गाने जातो. इटलीतील एलिझाबेत्ता पालाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये असे नोंदवले की एकाने झुकण्याची किंवा सैल तोंडाची खूण करताच दुसरा निमिषार्धात तीच खूण परतवतो, आणि जेथे ही परतफेड होते तेथे खेळ अधिक वेळ टिकतो. महाराष्ट्रात मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे, किंवा कोकणातील दमट दुपारी, उघडे तोंड आणि लोंबती जीभ ही खेळाची खूण नसून उकाड्याने लागलेली धाप असू शकते. धापेत जीभ लांब आणि टोकाशी रुंद होते, डोळे ताणलेले दिसतात, आणि कुत्रा सावलीकडे किंवा थंड फरशीकडे सरकू पाहतो. एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीमुळे पग ज्या काळात घराघरांत पोचला, त्या काळात या चपट्या नाकाच्या कुत्र्याला उन्हात धावणे किती जड जाते हे कोणी सांगितले नाही. त्याचा श्वास साधारण अवस्थेतही घरघरतो, आणि तो खेळत असताना विश्रांतीची वेळ मालकानेच ठरवावी लागते.

गुरगुर ऐकताच खेळ थांबवणे हेही नेहमी बरोबर नसते. ओढाताणीच्या खेळात किंवा दोन कुत्र्यांच्या कुस्तीत बरीच गुरगुर होते; ती तुटक, चढउताराची आणि हालचालीबरोबर येणारी असते. धोक्याची गुरगुर खोल आणि लांबलेली असते, आणि तिच्याबरोबर अंग थांबते. हे थांबणे अतिशय महत्त्वाचे आहे. सारे अंग एकाएकी गोठल्यासारखे होणे, तोंड मिटणे, नजर एकाच जागी रोखली जाणे, किंवा मान न वळवता डोळे कडेला नेल्यामुळे पांढऱ्या भागाची चंद्रकोर दिसणे, यांपैकी काहीही दिसले की त्या क्षणी हात मागे घ्यावा. चावण्यापूर्वी कुत्रा इशारा देत नाही असे जे म्हटले जाते ते बहुतेक वेळा खरे नसते; इशारा दिलेला असतो, पण तो शांत असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलेला नसतो.

दोन कुत्री खेळत असताना मालकांना पडणारा नेहमीचा प्रश्न असा की हे खेळतात की भांडतात. चांगल्या खेळाचे एक लक्षण म्हणजे भूमिकांची अदलाबदल: कधी हा मागे धावतो, कधी तो, कधी हा वर, कधी तो. मोठा कुत्रा आपली ताकद आवरून धरतो, मुद्दाम हळू पळतो, आपणहून खाली पडतो. यास वर्तनशास्त्रात स्वतःला दिलेली खोट म्हणतात, आणि अंगणात लहान भावंडाबरोबर शिवाशिवी खेळताना मोठी मुले जे करतात तेच हे असते. अर्थात ही अदलाबदल तराजूने मोजल्यासारखी समसमान असते असे नाही. एरिका बाउअर आणि बार्बरा स्मट्स यांनी 2007 मध्ये दाखवले की प्रौढ कुत्र्यांच्या पुष्कळ जोड्यांत एक जण सतत वरचढ राहतो आणि तरीही दोघे खुशीने खेळतात. खाली पडून पोट दाखवणे म्हणजे हार मानणे, हा समजही खेळाच्या बाबतीत तपासून घ्यावा लागतो. 2015 मधील एका अभ्यासात खेळातील बहुतेक लोळणी ही चावा चुकवण्यासाठी किंवा खालून चावा घेण्यासाठी घेतलेली आढळली, जसा कुस्तीतला पैलवान खालूनही डाव टाकतो.

शंका राहिली तर एक साधी परीक्षा करता येते. जो अधिक दांडगाई करतो आहे असे वाटते त्याला गळपट्ट्याला धरून चार-पाच पावले बाजूला न्यावे, आणि दुसरा काय करतो ते पाहावे. तो अंग झटकून पुन्हा त्याच्याकडेच आला, झुकला किंवा पंजा मारून डिवचू लागला, तर खेळ दोघांनाही हवा आहे. तो मालकाच्या पायांमागे गेला, खुर्चीखाली शिरला किंवा दरवाजाकडे निघाला, तर त्याने दिलेले उत्तर स्पष्ट आहे आणि ते मानले पाहिजे. खेळात मधूनमधून दोन-चार सेकंदांचे थांबे येत असतील, कुत्री अंग झटकत असतील, जमीन हुंगत असतील, तर काळजीचे कारण नाही. थांबे येईनासे झाले, वेग चढतच गेला आणि आवाज तीव्र होत गेला, तर आपणच हाक मारून विसावा घडवून आणावा. मानेवरचे केस फुलणे मात्र एवढ्याने घाबरून जाण्यासारखे नाही. ते कुत्र्याच्या हाती नसते, उत्साहातही घडते, आणि इतर खुणांशी जुळवूनच त्याचा अर्थ लावावा.

कुत्रा माणसाला बोलावतो तेव्हा उत्तर कसे द्यावे, याबद्दल माणसांचे अंदाज फारसे भरवशाचे नाहीत. इंग्लंडमधील निकोला रूनी, जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांचे सहकारी यांनी मालक आपल्या कुत्र्यांना खेळायला कसे बोलावतात याची नोंद केली, तेव्हा मालकांच्या सर्वाधिक आवडीच्या खुणा आणि सर्वाधिक यशस्वी ठरणाऱ्या खुणा यांचा परस्परांशी संबंध आढळला नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच कामात हेही दिसले की माणसाने स्वतः हात टेकून झुकणे किंवा पुढे झेपावल्याचा आव आणणे या खुणा कुत्र्यांना कळतात आणि त्यांच्यामुळे खेळ वाढतो. याचा अर्थ असा की दिवाणखान्यात चारी हातापायांवर वाकून पुढचा पंजा फरशीवर आपटणारा गृहस्थ शेजाऱ्यांना हास्यास्पद वाटला तरी कुत्र्याशी तो शुद्ध भाषेत बोलत असतो. दोरीच्या ओढाताणीत कुत्र्याला जिंकू दिले तर तो डोक्यावर बसतो, ही समजूतही रूनी आणि ब्रॅडशॉ यांनी 2002 मध्ये गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांवर तपासली आणि तिला आधार मिळाला नाही. ओढाताण खुशाल खेळावी. फक्त 'सोड' म्हटल्यावर सोडण्याची सवय आधी लावावी, आणि दात हाताच्या कातडीला लागले की खेळ तेथेच, न ओरडता, थांबवावा.

जागेचा विचारही बोलावण्याच्या उत्तरात येतो. शहरी घरांतील गुळगुळीत फरशीवर वळताना कुत्र्याचे मागचे पाय घसरतात, आणि वाढत्या वयाच्या पिल्लाच्या खुब्याला ते घातक ठरू शकते, म्हणून सतरंजी किंवा जाजम अंथरून खेळणे बरे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या ये-जा करीत असतात. तेथे पट्टा सोडून पाठलागाचा खेळ खेळू नये. पट्ट्याला बांधलेली दोन कुत्री समोरासमोर आली की त्यांना वळसा घेऊन, तिरके येऊन भेटण्याची त्यांची रीत पाळता येत नाही, ती सरळ रेषेत ओढली जातात, आणि एरवी खेळकर असणारा कुत्राही तेथे ताठरतो; त्यात त्याच्या स्वभावाचा दोष नसतो.

लहान मुलांच्या बाबतीत नियम कडकच असावेत. मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेबाहेर एकत्र खेळू देऊ नये, घरचा कुत्रा कितीही गरीब असला तरी. मुलाला मिठी आवडते म्हणून कुत्र्याला ती आवडतेच असे नाही. मिठीत सापडलेला कुत्रा मान फिरवतो, जिभेने स्वतःचे नाक चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, आणि आजूबाजूची माणसे त्याच क्षणाचा फोटो काढत असतात. रस्त्यावरचा अनोळखी कुत्रा झुकून बोलावू लागला तरी मुलाने धावत सुटू नये. स्थिर उभे राहून हात अंगाशी धरावेत आणि सावकाश निघून जावे. खेळातला असो वा रागातला, दात लागून कातडी फुटली किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबाबत विचारावे. जखमेवर हळद, तिखट किंवा चुना भरण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी आहे. ती पाळू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि वेळेवर घेतलेली लस त्याला रोखते.

बोलावणे प्रत्येक वेळी स्वीकारलेच पाहिजे असे नाही. वेळ नसेल तर एकदाच शांतपणे 'आता नाही' असे ठरावीक शब्दांत सांगून पाठ फिरवावी, आणि ज्या वेळी खेळायचे ती वेळ रोज साधारण तीच ठेवावी; कुत्री वेळा ओळखण्यात घड्याळापेक्षा मागे नसतात. उलट बाजूने, कुत्र्यानेही माणसाचे बोलावणे नाकारले तर चेंडू त्याच्या तोंडाशी नाचवत राहू नये.

वय झालेल्या कुत्र्याच्या बोलावण्याकडे विशेष लक्ष असावे. खांदे आणि कोपरे दुखू लागली की तो पूर्वीसारखा खाली झुकत नाही, फक्त मान खाली घालतो, पुढचा एक पंजा किंचित पुढे टाकतो आणि शेपूट दोनदा हलवतो. त्याच्या परीने ते पूर्ण बोलावणेच असते, आणि त्याला उत्तर म्हणून चेंडू लांब फेकण्याऐवजी हलकेच त्याच्याकडे घरंगळत सोडावा. वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी झुकणारा कुत्रा आठवडाभर झुकला नाही, तर त्याला खेळाचा कंटाळा आला असे गृहीत न धरता पशुवैद्यांकडून त्याचे सांधे तपासून घ्यावेत.